मैफल उतरवून घेणारे : ग्रेटफुल डेड आणि त्याचा श्रोतृसमाज

५ मे १९६५. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस मेन्लो पार्क नावाचे एक गाव आहे. तेथील 'मगूज' या पिझ्झाच्या दुकानात पाच तरुणांच्या एका नवख्या बँडने आपले पहिले जाहीर वादन केले. बँडचे नाव 'वॉरलॉक्स'. श्रोते म्हणजे मुख्यतः आसपासची शाळकरी मुले. त्या रात्रीची ध्वनिफीत ज्ञात नाही. पुढील तीस वर्षांत याच बँडने 'ग्रेटफुल डेड' या नावाने सुमारे २,३०० मैफली केल्या आणि त्यांपैकी बहुतेकींच्या ध्वनिफिती आज उपलब्ध आहेत. कित्येक रात्रींच्या तर वेगवेगळ्या श्रोत्यांनी वेगवेगळ्या जागांवरून उतरवून घेतलेल्या अनेक प्रती आहेत.

रॉक संगीताच्या इतिहासात इतका सलग आणि इतक्या परक्या हातांनी जपलेला दप्तरखाना दुसरा सापडणे कठीण. या धाग्याचा विषय हाच आहे : दर रात्री काही नवेच वाजवणाऱ्या बँडला आपला श्रोता सापडतो कसा?

मुळापासून सुरुवात करू. १९६३ च्या अखेरीस पालो आल्टो गावातील एका वाद्यांच्या दुकानात जेरी गार्सिया नावाचा एकवीस वर्षांचा तरुण बँजो आणि गिटार शिकवीत असे. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी तो विद्यार्थ्यांची वाट पाहत बसला होता. वर्षाची शेवटची रात्र असल्याने कोणी येणार नाही, हे त्याच्या ध्यानातच नव्हते. रस्त्यावरून जाणाऱ्या सोळा वर्षांच्या बॉब वेअरने बँजोचा आवाज ऐकला आणि तो आत शिरला. या भेटीतून १९६४ मध्ये एक 'जग बँड' उभा राहिला. मातीचा वा काचेचा मोठा बुधला फुंकून, कपडे धुण्याची पत्र्याची फळी घासून जुनी लोकगीते वाजवण्याचा हा प्रकार. तिसरा महत्त्वाचा साथी रॉन मॅककर्नन. त्याला सारे 'पिगपेन' म्हणत. कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत त्याच्या अंगात मुरलेले होते, आणि विजेच्या गिटारी घेऊन रॉक बँड काढावा हा आग्रह प्रथम त्याचाच.

त्याच १९६४ साली गार्सिया एका मित्रासह ध्वनिमुद्रण यंत्र मोटारीत घालून पूर्वेकडे व दक्षिणेकडे भटकला. हेतू एकच : ब्लूग्रास संगीताच्या प्रत्यक्ष मैफली उतरवून घेणे. हा तपशील अनेक चरित्रांत ओझरता येतो. पण पुढे आपल्या श्रोत्यांच्या हाती यंत्रे दिसली तेव्हा या माणसाने त्यांना चोर का मानले नाही, याचे उत्तर बहुधा याच प्रवासात आहे.

मगूजमधील पहिल्या मैफलीनंतर काही आठवड्यांतच बेस गिटार वाजवणारा बदलला. नव्याने आलेला फिल लेश हा मुळात ट्रम्पेटवादक. मिल्स कॉलेजात इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांच्याकडे त्याने आधुनिक संगीतरचनेचे धडे घेतले होते. बेस गिटार त्याने यापूर्वी हातात धरलेलीच नव्हती! ही उणीवच बँडच्या पथ्यावर पडली. बेस गिटारचे ठरलेले काम म्हणजे ताल आणि स्वराचा पाया धरून ठेवणे. लेशला ती सवयच नव्हती. तो गार्सियाच्या सुरावटीला उलट सुरावट देत राहिला. एक ब्लूजचा भक्त, एक बँजोवाला, एक आधुनिक रचनाकार, एक शाळकरी गिटारवादक आणि जॅझ ऐकणारा ड्रमवादक बिल क्रॉइट्झमन. पाच जणांना एकत्र बांधणारी कोणतीही एक परंपरा नव्हती. म्हणूनच वाजवताना एकमेकांचे ऐकण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

त्या शरद ऋतूत बेलमाँट येथील एका मद्यगृहात त्यांना रोज रात्री अनेक सत्रे वाजवण्याचे काम मिळाले. गाणी थोडी आणि वेळ फार. मग तीन मिनिटांचे गाणे दहा मिनिटे चालू लागले. ज्याला पुढे एक कलातत्त्व म्हणून मिरवले गेले, त्याचा उगम असा निव्वळ रात्र भरून काढण्याच्या गरजेत आहे. इतिहासात असे वारंवार घडते.

त्याच सुमारास लेशला 'वॉरलॉक्स' नावाचा दुसराही बँड असल्याचे कळले. नवे नाव गार्सियाला एका शब्दकोशात सापडले. अनेक देशांच्या लोककथांत एक कथाबीज आढळते : कर्ज फेडले नाही म्हणून ज्याचे प्रेत विनासंस्कार पडले आहे अशा परक्या माणसाचे ऋण एखादा वाटसरू फेडतो आणि पुढे तो मृतात्मा त्याला संकटातून तारतो. या कथाबीजाला लोककथांचे अभ्यासक 'ग्रेटफुल डेड', म्हणजे 'कृतज्ञ मृत', म्हणतात. ऋण आणि परतफेड यांविषयीचे नाव धारण करणाऱ्या बँडचा पुढचा इतिहासही ऋणाचाच आहे.

नव्या नावाने पहिले वादन झाले ते ४ डिसेंबर १९६५ रोजी सॅन होजे येथे, कादंबरीकार केन कीझी आणि त्याच्या मित्रमंडळाने भरवलेल्या 'ॲसिड टेस्ट'मध्ये. एलएसडी हे भ्रमकारी द्रव्य घेऊन रात्रभर चालणारे हे मेळावे. कॅलिफोर्नियात या द्रव्यावर ऑक्टोबर १९६६ मध्ये बंदी आली. तोवर ते बेकायदा नव्हते. या मेळाव्यांचे वर्णन करताना लेखक बहुधा नशेपाशीच अडखळतात. संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच होती. येथे बँड हा कार्यक्रमाचा केंद्रबिंदू नव्हता. दिवे, चित्रपट, ध्वनिक्षेपकावरून कोणीही काहीही बोलणे, यांत बँडही एक. वाटले तर चार तास वाजवावे, नाही वाटले तर पाच मिनिटांत वाद्ये खाली ठेवावीत. कोणीही पैसे परत मागणार नव्हते. फसण्याची मुभा असलेली अशी रंगशाळा फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येते. त्या मुभेची किंमतही होतीच, आणि ती पुढे गार्सियाच्या शरीराने चुकवली. त्याकडे नंतर येऊ.

या मेळाव्यांतच ओस्ली स्टॅन्ली भेटला. एलएसडी बनवणारा हा हिकमती माणूस ध्वनितंत्रातही पटाईत. त्याने बँडला वाद्ये आणि ध्वनिक्षेपक घेण्यासाठी पैसा पुरवला आणि मैफली ध्वनिमुद्रित करण्याची सवय लावली. हेतू विक्रीचा नव्हता. आपण काय वाजवले ते दुसऱ्या दिवशी ऐकावे, चुका शोधाव्यात, एवढाच. बँडचा स्वतःचा ध्वनिफितींचा साठा अशा रीतीने सुरू झाला.

१९६६ च्या उत्तरार्धात मंडळी सॅन फ्रान्सिस्कोतील हेट-ॲशबरी भागात, ७१० ॲशबरी स्ट्रीट या घरात राहू लागली. जवळच्या उद्यानात ती फुकट वाजवीत. १४ जानेवारी १९६७ च्या 'ह्यूमन बी-इन' मेळाव्यात हजारोंनी त्यांना ऐकले. वॉर्नर ब्रदर्स कंपनीशी करार झाला, मार्च १९६७ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका आली, आणि येथेच पहिली अडचण उभी राहिली.

अडचण नीट समजून घेण्यासाठी हे वादन चालते कसे ते पाहावे लागेल. 'जॅम' म्हणजे मनाला येईल ते वाजवणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गाण्याचा सांगाडा ठरलेला असतो : मुखडा, कडवी, स्वरसंघांचा क्रम. कडवी संपली की एखाददुसऱ्या स्वरसंघावर सारे थांबतात आणि तेथून दार उघडते. कोणी एक जण लहानशी सुरावट टाकतो. दुसरा ती उचलतो, तिसरा लय दुमडतो. पुढच्या गाण्याची चाहूल एखाद्या वाद्यात लागते आणि मधे न थांबता सारे तेथे पोहोचतात, किंवा पोहोचता पोहोचता कोसळतात. रागसंगीताशी याची तुलना मोह पाडणारी असली तरी जपूनच करावी. रागाला पिढ्यांनी घडवलेले व्याकरण आहे. या मंडळींना ते वाजवता वाजवताच रचावे लागत होते.

भारतीय संगीताशी त्यांचा खरा संबंध तालाच्या वाटेने आला. सप्टेंबर १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक बँडमध्ये दाखल झाला. उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याने तो भारावला, त्यांना भेटला आणि शिकला. अकरा मात्रांची 'द इलेव्हन' ही रचना याच काळातली. रॉक संगीताच्या चार-चारच्या चाकोरीत अकरा मात्रा पेलण्यासाठी मंडळी तासन् तास सराव करीत. उत्स्फूर्ततेच्या पाठीमागे घोटलेली तालीम होती, हे विसरता कामा नये. पुढे अल्लारखाँ यांचे चिरंजीव, मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन, कॅलिफोर्नियातील अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले आणि हार्टशी त्यांचे दीर्घ सख्य जुळले. १९७६ ची 'डिगा' आणि १९९१ ची 'प्लॅनेट ड्रम' ही त्याची फळे. जागतिक संगीतासाठीचे पहिले ग्रॅमी पारितोषिक 'प्लॅनेट ड्रम'ला मिळाले.

आता अडचण. १९६८ मध्ये 'डार्क स्टार' हे गाणे छोट्या तबकडीवर निघाले. लांबी तीन मिनिटांहूनही कमी. ते कोणी फारसे विकत घेतले नाही. तेच गाणे फेब्रुवारी १९६९ मध्ये फिलमोर वेस्ट सभागृहात वाजले ते तेवीस मिनिटे, आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'लाइव्ह/डेड' या संग्रहाची एक अख्खी बाजू त्याने व्यापली. मधल्या काळात स्टुडिओतील प्रयोगांपायी कंपनीचे मोठे कर्ज चढले होते. त्यात भर म्हणून मिकी हार्टच्या वडिलांनीच बँडचे व्यवस्थापक असताना पैशांचा अपहार केल्याचे १९७० मध्ये उघड झाले. हार्टने लाजेखातर १९७१ च्या आरंभी बँड सोडला. तो १९७४ मध्ये परतला.

वुडस्टॉकने तरी प्रसिद्धी दिली असेल? तीही नाही. ऑगस्ट १९६९ च्या त्या विख्यात महोत्सवात पावसाने भिजलेल्या मंचावर वादकांना विजेचे धक्के बसत होते. वादन फसले आणि महोत्सवावरील मूळ चित्रपटात बँड दिसलाही नाही. १९७० मध्ये 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्युटी' या दोन संग्रहांनी साध्या, गेय गाण्यांच्या बळावर थोडा हात दिला. गार्सियाचा मित्र रॉबर्ट हंटर याची शब्दरचना त्यांत फुलली. तरी या बँडचा श्रोता ध्वनिमुद्रिकेच्या दुकानात नव्हताच. तो सभागृहात होता. पण विखुरलेला आणि निनावी.

१९७१ च्या दुहेरी ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनात मंडळींनी काही ओळी छापल्या. श्रोत्यांनो, तुम्ही कोण आहात, कोठे आहात, आपले नाव-पत्ता कळवा, अशा आशयाचे ते आवाहन होते. हजारो पत्रे आली. त्यांतून टपालाची यादी तयार झाली, बँडचे वार्तापत्र घरोघरी जाऊ लागले. जाहिरातदार, रेडिओ आणि वितरक या तिन्ही मध्यस्थांना वगळून बँड आणि श्रोता यांच्यात थेट टपालखाते उघडले. १९८३ पासून तर तिकिटेही बँड स्वतः टपालाने विकू लागला.

त्याच १९७१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात लेस किपेल याने ध्वनिफितींच्या मोफत देवघेवीसाठी मंडळ काढले. त्यातूनच १९७४ मध्ये 'डेड रेलिक्स' हे पत्रक निघाले. ते पुढे 'रेलिक्स' नावाचे मासिक झाले. देवघेवीचा नियम कडक होता. मागणाऱ्याने कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा. देणाऱ्याने प्रत उतरवून द्यायची. पैसे घेणारा माणूस बिरादरीतून बाद. पुण्या-मुंबईच्या रसिकांत खासगी मैफलींची रिळे आणि कॅसेटी अशाच हातोहात फिरल्या आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे जग अनोळखी वाटू नये.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे अशी जागा हीच. कॅसेटची प्रत काढली की मूळच्या आवाजात थोडी खरखर मिसळते. प्रतीच्या प्रतीत ती वाढते. म्हणून प्रत्येक कॅसेटच्या वेष्टनावर तिची वंशावळ लिहिली जाई : कोणत्या यंत्रावर, सभागृहातील कोणत्या जागेवरून उतरवली, मूळ फितीपासून कितवी नक्कल. श्रोत्यांमधून घेतलेली प्रत आणि ध्वनिनियंत्रण यंत्रातून थेट घेतलेली प्रत यांत भेद केला जाई. न थांबता एका गाण्यातून दुसऱ्यात झालेला प्रवास दोन नावांमध्ये बाण काढून दाखवीत. एका प्रतीत कॅसेट उलटवताना तुटलेला भाग दुसरीतून भरून काढीत. हे सारे पोथ्यांच्या पाठचिकित्सेहून वेगळे नाही. फरक एवढाच की येथील लेखनिक महाविद्यालयीन मुले, टपाल कर्मचारी आणि सुतार होते आणि आपण पाठचिकित्सा करतो आहोत हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. १९८७ मध्ये 'डेडबेस' हा ग्रंथ आला. मैफलींच्या तारखा, स्थळे आणि वाजलेल्या गाण्यांचा क्रम त्यात नोंदलेला होता.

या खटाटोपामागील तर्क साधा आहे. रोज तेच वाजवणाऱ्या बँडची एक फीत पुरेशी असते. रोज वेगळे वाजवणाऱ्याची प्रत्येक फीत हवीशी वाटते आणि प्रत्येक गैरहजेरी सलते. कालच्या रात्रीची फीत ऐकणारा उद्याचे तिकीट काढतो. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेली मैफल घ्या. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ बाईंनी ती मुद्रित केली होती. तिच्या प्रती हातोहात फिरून ती दंतकथा बनली. पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केली. बँडने अधिकृतपणे ती प्रकाशित केली थेट २०१७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी!

बँडला हे चालत होते का? सुरुवातीला यंत्रे जप्तही होत. पण गार्सियाची भूमिका अशी होती की आमचे वाजवून झाले, की ते श्रोत्यांचे. शेवटी ऑक्टोबर १९८४ मध्ये ध्वनिनियंत्रकाच्या मागील जागा मुद्रण करणाऱ्यांसाठी अधिकृतपणे राखून ठेवण्यात आली. कारण फारसे उदात्त नव्हते. त्यांच्या मायक्रोफोनच्या काठ्यांचे रान इतरांना मंच दिसू देत नव्हते.

दरम्यान बँडने स्वतःला एकदा जवळजवळ बुडवलेही होते. १९७४ मधील 'वॉल ऑफ साउंड' ही ध्वनियोजना म्हणजे वादकांच्या पाठीमागे रचलेली सुमारे ६०० ध्वनिक्षेपकांची भिंत. श्रोत्यांना ऐकू येई तेच वादकांनाही ऐकू येई, आणि एकमेकांचे ऐकण्यावरच जगणाऱ्या संगीतासाठी ही चैन नव्हे, गरज होती. परंतु वजन सुमारे ७५ टन. ती वाहून नेण्यात, उभारण्यात मिळकत वितळू लागली. त्या ऑक्टोबरात बँड थांबला आणि १९७६ मध्येच फिरतीवर परतला. पिगपेन तोवर राहिला नव्हता. मार्च १९७३ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला होता.

आणि मग १९८७ मध्ये, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, यश आले. 'टच ऑफ ग्रे' हे गाणे बिलबोर्डच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेले, एमटीव्हीवर झळकले. पहिल्या दहांत पोहोचलेले हे त्यांचे एकमेव गाणे. क्रीडागारे भरू लागली. पण सोळा-सतरा वर्षे टपालाने, कॅसेटींनी, अलिखित नियमांनी घडलेला श्रोतृसमाज आणि गाणे दूरदर्शन संचावर पाहून आलेला जमाव यांत अंतर होते. अनेक जण तिकिटाविना केवळ बाहेरच्या वाहनतळावरील जत्रेसाठी येत. गावोगावचे प्रशासन बँडला परवानगी देण्यास कां-कूं करू लागले. लोकहो, तिकीट नसेल तर येऊ नका, अशी विनवणी बँडला करावी लागली. श्रोत्यांना पत्ता विचारणाऱ्या मंडळींवर ही वेळ!

२ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यातील डियर क्रीक रंगमंदिराचे कुंपण तिकीट नसलेल्या जमावाने पाडले. आतले काही श्रोते त्यांना प्रोत्साहन देत होते. दुसऱ्या दिवशीची मैफल रद्द झाली. ९ जुलैला शिकागोत शेवटची मैफल झाली. ९ ऑगस्टला, व्यसनमुक्ती केंद्रात असताना, गार्सियाचे हृदय बंद पडले. हेरॉइन आणि मधुमेहाने शरीर आधीच पोखरले होते, वय ५३. या मृत्यूचा दोष त्या जमावाला देणे चूक ठरेल. पण शेवटच्या काही वर्षांत इतक्या माणसांचा चरितार्थ आणि इतक्या श्रोत्यांची अपेक्षा बँडच्या फिरतीवर अवलंबून होती की आजारी माणसाला थांबण्याची सोय उरली नव्हती. ज्या मुभेतून हे संगीत जन्मले, ती सर्वांत आधी त्याच्याच वाट्याची संपली. एप्रिल १९९६ मध्ये त्याच्या अस्थींचा काही भाग ऋषिकेशला गंगेत सोडण्यात आला.

त्याआधी, १९९५ च्या अखेरीसच, उरलेल्या वादकांनी 'ग्रेटफुल डेड' हे नाव थांबवले होते. फिती मात्र फिरतच राहिल्या आणि यथावकाश इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर एकत्र आल्या. नोव्हेंबर २००५ मध्ये बँडच्या व्यवस्थेने त्या तेथून उतरवून घेण्याची सोय अचानक बंद करवली. श्रोत्यांनी निषेधाचे अर्ज भरले, बहिष्काराची भाषा केली. आपल्याला या निर्णयाची कल्पना नव्हती, असे फिल लेशने जाहीर केले. काही दिवसांतच तोडगा निघाला : ध्वनिनियंत्रण यंत्रातून घेतलेल्या फिती केवळ ऐकता येतील, आणि श्रोत्यांनी स्वतः सभागृहात बसून उतरवलेल्या फिती पूर्वीप्रमाणे कोणालाही घेता येतील. ती विभागणी आजही तशीच आहे.